हरणं मोजून झाली, आता त्यांची चरबीही बघा

मे महिना लागला की बोरिवली-कांदिवलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरतो. नॅशनल पार्कातलं एखादं चितळ, बरगड्या दिसतायत, पुठ्ठ्याची हाडं वर आलीयत आणि खाली कॅप्शन, ‘मुकी जनावरं उपाशी मरतायत, प्रशासन झोपलंय’. मग अर्ध्या तासात कुणी चाऱ्याचा टेम्पो पाठवायला तयार होतं, कुणी मार्केटमधला उरलेला कोबी गोळा करतो म्हणतं, कुणीतरी नगरसेवकाला टॅग करतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे शांत. यावर उत्तर ठरलेलं. ‘पार्कातली हरणं कमी झालेली नाहीत, उलट वाढलीयत, त्यामुळे काळजीचं कारण नाही.’

मला ही दोन्ही बोलणी सारखीच कच्ची वाटतात. एका फोटोवरून कळप उपाशी आहे हे कळत नाही आणि आकडा वाढला म्हणून कळप खाऊनपिऊन सुखी आहे हेही कळत नाही. हरणांची खरी हालत कळायची असेल तर त्यांच्या अंगात चरबी किती आहे ते बघावं लागतं, आणि हे काही नवीन किंवा भारी महागडं शास्त्र नाही, जगात सत्तर-ऐंशी वर्षं हे चालू आहे. आपल्याकडे मात्र हरीण म्हटलं की चर्चा ‘किती आहेत’ इथेच सुरू होते आणि तिथेच संपते. माझं म्हणणं एवढंच की संजय गांधी नॅशनल पार्कात मरणाऱ्या प्रत्येक हरणाची चरबी तपासली जावी, जिवंत हरणांची तब्येत ठरलेल्या पद्धतीने नोंदवली जावी आणि ते दरवर्षी लोकांसमोर यावं. चारा टाकायचा की नाही वगैरे भांडणं त्यानंतर करू.

आता चरबीच का? वजन का नाही, किंवा नुसतं पोट भरलेलं आहे की नाही ते का नाही? कारण हरीण हे रवंथ करणारं जनावर आहे, त्याच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे मोठी पिशवीच असते आणि ती वाळक्या, निकस गवतानेही भरलेली राहू शकते. पोट टम्म आणि जनावर उपासमारीने मेलेलं, असं होतं, आणि बऱ्याचदा होतं. त्यात शहराशेजारचं जंगल असेल तर पोटात प्लास्टिकही असतं, आयआयटी मद्रासच्या कॅम्पसमधल्या चितळांच्या पोटातून प्लास्टिक निघाल्याच्या बातम्या अनेकांनी वाचल्या असतील. असं जनावर बाजूने बघितलं तर गोल गरगरीत दिसतं, फोटोत तर मस्तच दिसतं. वजनाचं म्हणाल तर त्यात पाणी आलं, पोटातला चारा आला, मादी गाभण असेल तर गर्भ आला. चरबी मात्र खोटं बोलत नाही, म्हणजे फार कमी बोलते, कारण ती त्या जनावराने मागच्या काही महिन्यांत काय खाल्लं आणि काय खर्च केलं त्याची शिल्लक असते.

आणि ही शिल्लक कशीही संपत नाही, क्रमाने संपते. मध्यमवर्गीय घरात पैशाची अडचण आली की आधी पाकिटातले जातात, मग सेव्हिंगमधले, मग एफडी मोडते आणि अगदीच गळ्याशी आलं की मंगळसूत्र गहाण पडतं, हरणाचं अगदी तसंच. आधी पाठीवरची आणि पुठ्ठ्यावरची कातडीखालची चरबी जाते. मग आतड्यांभोवतीची, मग गुर्द्याभोवतीची म्हणजे मूत्रपिंडाभोवतीची, मग हृदयाभोवतीची, आणि सगळ्यात शेवटी हाडांच्या नळीतल्या मगजातली म्हणजे अस्थिमज्जेतली. त्यामुळे कुठली चरबी उरलीय आणि कुठली संपलीय एवढं बघितलं तरी जनावर अडचणीच्या कुठल्या पायरीवर होतं ते सांगता येतं. मगजातली चरबी गेली असेल तर गहाण टाकायला काही उरलेलंच नव्हतं. पण उलटं मात्र धरू नका, मगज चांगला आहे म्हणजे जनावर मजेत होतं असं नाही, तो शेवटपर्यंत टिकतो म्हणून चांगला दिसतो, तेव्हा वरचं सगळं संपलेलं असू शकतं. म्हणूनच नुसता मगज नाही, गुर्दाही बघायचा.

गुर्द्याची पद्धत थेन राइनी नावाच्या माणसाने न्यूझीलंडमधल्या लाल हरणांवर काम करून १९५५ मध्ये मांडली. तिथे हरणं मूळची नाहीत, युरोपियन लोकांनी नेऊन सोडली, शिकारी प्राणी नाही त्यामुळे ती बेसुमार वाढली आणि डोंगर बोडके व्हायला लागले तेव्हा सरकारला प्रश्न पडला की यांचं करायचं काय आणि कुठल्या खोऱ्यातली हरणं कशा हालतीत आहेत. राइनीने काय केलं, तर गुर्द्याभोवतीची चरबी ठराविक पद्धतीने कापून तोलायची, मग नुसता गुर्दा तोलायचा आणि चरबीचं वजन गुर्द्याच्या किती टक्के आहे ते काढायचं. झालं. एक सुरी, एक वजनकाटा. नंतर लोकांनी त्यात खोटही काढली, गुर्द्याचं स्वतःचं वजनही ऋतूप्रमाणे कमीजास्त होतं त्यामुळे टक्केवारी हलते, आणि ते खरं आहे, पण एकाच जंगलातली एकाच महिन्यातली जनावरं एकमेकांशी ताडून बघायला ही पद्धत अजूनही चालते.

नळीचं त्याहून जुनं, १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हरणांवर चीटम नावाच्या शास्त्रज्ञाने ते मांडलं होतं. मटण खाणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, चांगल्या बोकडाच्या नळीतला मगज पांढरट, घट्ट, लोण्यासारखा निघतो. उपासमारीने मेलेल्या हरणाच्या मांडीचं हाड फोडलं तर आत लालसर, पातळ, जेलीसारखं काहीतरी निघतं, कारण चरबी जाऊन तिच्या जागी पाणी आलेलं असतं. रंग बघून अंदाज बांधण्यात माणसागणिक फरक पडतो म्हणून पुढे १९७० मध्ये अलास्कातल्या कॅरिबूंवर, म्हणजे तिथल्या जंगली रेनडिअरवर, नीलँड नावाच्या शास्त्रज्ञाने अजून सोपं केलं, मगज काढा, तोला, साधारण ६० अंशांवर ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा, परत तोला. जे उरलं ती जवळजवळ सगळी चरबी. धडधाकट मोठ्या जनावरात हे ८०-९० टक्के भरतं, आणि २० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली आलं की ते जनावर उपासमारीच्या शेवटच्या टोकाला होतं म्हणायचं. पाडसांचं वेगळं, त्यांच्या नळीत मुळातच लाल मगज जास्त असतो त्यामुळे त्यांचा आकडा मोठ्यांशी ताडायचा नाही.

आता आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी एक बेट. बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं अलास्काचं निर्मनुष्य बेट आहे, तिथे १९४४ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डने २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नाही, खायला भरपूर दगडफूल. १९५७ मध्ये १३५० च्या आसपास झाले, १९६३ मध्ये ६०००. म्हणजे नुसता आकडा बघणाऱ्याने पेढे वाटले असते. पण डेव्हिड क्लाइन नावाचा शास्त्रज्ञ दोन्ही वेळेला तिथे होता आणि त्याने जनावरं तोलली होती, १९५७ ची हरणं गुबगुबीत होती आणि १९६३ मधल्या मोठ्या जनावरांचं वजन त्या मानाने एक तृतीयांशाहून जास्त घसरलेलं होतं. म्हणजे कळप जेव्हा सगळ्यात मोठा होता तेव्हाच तो आतून पोकळ झालेला. त्या हिवाळ्यात जबरदस्त बर्फ पडला आणि १९६६ मध्ये मोजले तेव्हा ६००० चे ४२ उरले होते. बेचाळीस! संख्या ही सगळ्यात शेवटी पडते हो, शरीर आधी सांगतं.

तुम्ही म्हणाल ते बर्फातलं झालं, आपल्या चितळाचं काय. तर आपलं चितळही यातून गेलंय, फक्त आपल्याकडे नाही, हवाईत. १८६० च्या दशकात तिथल्या राजाला भेट म्हणून पाठवलेली चितळं मोलोकाई बेटावर सोडली, तिथेही वाघ-बिबटे नाहीत, वाढत गेली, आणि २०२०-२१ च्या दुष्काळात तिथे रस्त्याकडेला, कुरणात, खाडीकाठी चितळं उपाशी मरून पडली, सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. जनावर तेच, जे आपल्या पार्कात सकाळी चालायला येणाऱ्यांसमोरून रस्ता ओलांडतं.

आपलं पार्क म्हणजे साधारण १०४ चौरस किलोमीटर, चारी बाजूंनी मुंबई आणि ठाणे आवळत आणलेलं, आणि आत पन्नासच्या आसपास बिबटे. म्हणजे मोलोकाईसारखं शिकारीच नाही असं इथे नाही, उलट बिबट्यांची दाटी इतकी आहे की तिच्यावर जगभर लिहिलं गेलंय. पण जागा बंद आहे. चारा संपला म्हणून हरणं उठून दुसऱ्या डोंगरात जातील तर जाणार कुठे, घोडबंदर रोडवर? पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गवत माणसाच्या उंचीला येतं, आणि दिवाळीनंतर ते वाळत जातं तसा त्यातला कस उतरतो. मार्च ते मे हा खरा कठीण काळ. त्यात घाणेरीच्या (लँटानाच्या) झुडपांनी व्यापलेल्या जागेत चितळाला खायला फार काही उरत नाही. शिवाय बऱ्याच भागात चितळांच्या माजाचा मोठा हंगामही उन्हाळ्यातच येतो, नर तेव्हा खाण्यापेक्षा ओरडण्यात आणि एकमेकांशी भांडण्यात जास्त वेळ घालवतात आणि बारीक होतात, पाडसाला पाजणारी मादीही बारीक दिसते. म्हणजे मे महिन्यात बरगड्या दिसणारा नर हा उपाशीच आहे असं नाही, तो कदाचित प्रेमात आहे.

म्हणून व्हायरल फोटो पुरावा ठरत नाही. कुठला महिना, नर की मादी, वय काय, पाडसाला पाजणारी मादी आहे का, हे माहीत असल्याशिवाय बारीक म्हणजे कशाच्या मानाने बारीक हेच ठरत नाही. आणि इथे एक गोष्ट परदेशातून आंधळेपणाने उचलता येणार नाही. बर्फाळ देशातली हरणं हिवाळ्यासाठी चरबीचा साठा करतात, पाठीवर बोट-दोन बोट थर चढतो. आपलं चितळ असं जनावर नाही, ते धष्टपुष्ट असतानाही अंगाने कोरडंच असतं, हवाई आणि टेक्सासमध्ये लोक त्याचं मटण बिनचरबीचं म्हणून कौतुकाने खातात. त्यामुळे लाल हरणाच्या गुर्द्याचे टक्के घेऊन आलात आणि पार्कातल्या चितळाला लावलेत तर वर्षाचे बाराही महिने सगळी चितळं कुपोषित निघतील आणि टीव्हीवर दिवसभर बातमी चालेल. आपल्याला आपला स्वतःचा तक्ता बनवावा लागेल, चितळाचा वेगळा, सांबराचा वेगळा कारण सांबर गवताबरोबर झाडपालाही भरपूर खातं, भेकराचा अजून वेगळा. आणि तक्ता बनायला काही वर्षांच्या नोंदी लागतात, म्हणून तर म्हणतोय की आजपासून सुरू करा.

परदेशात ह्या नोंदी बहुतेक शिकाऱ्यांकडून मिळतात, हंगामात मारलेल्या हरणाचा गुर्दा आणि हाड आणून द्या म्हणतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती तशीच बंद राहावी, ह्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण मग आपल्याकडे उरतं काय तर मेलेली हरणं. गाडीखाली आलेलं, भटक्या कुत्र्यांनी फाडलेलं, बिबट्याने मारून अर्धं टाकलेलं, तलावाजवळ नुसतंच पडलेलं. पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेम होतं, बातमीत एक ओळ येते, ‘कुत्र्यांच्या हल्ल्यात हरणाचा मृत्यू’. बरोबर आहे, पण ते कुत्र्यांना सापडलं का? पळता येत नव्हतं म्हणून? गुर्दा आणि मांडीची एक नळी तोलली असती तर दोन तासांचं काम होतं आणि त्या मृत्यूचा काहीतरी उपयोग झाला असता.

यातला गाडीखाली येणारा प्रकार तर खूप कामाचा आहे. गाडी अशक्त-सशक्त असा भेद फारसा करत नाही, म्हणजे अपघातात मेलेली हरणं ही साधारण जिवंत कळपाचा नमुना असतात, आणि आपोआप मेलेल्या हरणांशी त्यांचा मगज ताडला की बरंच कळतं. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत सिंक्लेअर आणि आर्सीज या शास्त्रज्ञांनी विल्डबीस्टवर असंच केलं, १९९५ मध्ये छापलं. सिंहांनी-तरसांनी मारलेल्या जनावरांचा मगज हा उपासमारीने मेलेल्यांपेक्षा बरा निघाला पण जिवंत कळपापेक्षा खालचा, म्हणजे भूक वाढली की जनावर चांगल्या चाऱ्यासाठी धोक्याच्या जागी जायला लागतं आणि मारलं जातं. मृत्यूचं कारण कागदावर सिंह, पण ढकललं भुकेने. आपल्या पार्कात बिबट्याने मारलेल्या चितळांबद्दल हा प्रश्न विचारायला नको? बिबट्या मांडीचं जाडजूड हाड सहसा फोडत नाही, ते तिथेच पडून राहतं. फक्त ताजं हवं, उन्हात वाळलेल्या नळीतलं पाणी आधीच उडून गेलेलं असतं आणि चरबीचा आकडा फुगून येतो.

(एक आपलं सांगून ठेवतो, हे वाचून कुणी पार्काच्या ठाण्याकडच्या बाजूला, येऊरच्या ट्रेकवर सापडलेलं हाड सॅकमध्ये टाकून आणू नका. मेलेला वन्यप्राणी आणि त्याचा प्रत्येक अवयव ही कायद्याने सरकारी मालमत्ता आहे, चांगल्या हेतूने आणलं तरी गुन्हाच. फोटो काढा, लोकेशन पाठवा, पुढे चला.)

जिवंत हरणांचं काय करायचं? त्यांना पकडून अल्ट्रासाऊंड लावून पुठ्ठ्याची चरबी मोजता येते, एल्क नावाच्या मोठ्या हरणांवर अमेरिकेत ते करतात, पण चितळ हे फार घाबरट जनावर, पकडण्याच्या धक्क्यानेच मरतं, त्यामुळे नुसत्या मोजमापासाठी हा उद्योग नको. जिथे चितळं एरवीही पकडली जातात, म्हणजे मध्य प्रदेशात पेंचमधून बोमा (कळपाला निमुळत्या कुंपणातून गाडीपर्यंत आणायची पद्धत) लावून ट्रकने दुसऱ्या जंगलात नेतात तसं, तिथे मात्र गाडीत चढताना त्यांच्या तब्येतीचा दर्जा नोंदवायला काहीच हरकत नाही. बाकी ठिकाणी नजर पुरे. राइनीनेच १९६० मध्ये लांबून बघून दर्जा ठरवायची पद्धत मांडली होती, शेपटीच्या मुळाशी खळगा पडलाय का, कमरेची हाडं टोकदार दिसतात का गोलसर, पाठीचा कणा वर आलाय का, बरगड्या मोजता येतात का, त्यावरून चांगलं, मध्यम, वाईट. तीनच खाने. शेतकऱ्याला बैलबाजारात हेच करताना बघितलंय आपण, त्यात गूढ काही नाही.

आणि माणसं आहेत की! दरवर्षी बुद्धपौर्णिमेला महाराष्ट्रातल्या जंगलांत वनखातं लोकांना मचाणावर बसवतं, पाणवठ्यावर कोण कोण येतं त्याची नोंद करायला लावतं. तारीख बघा, एप्रिलचा शेवट किंवा मे, म्हणजे वर्षातला नेमका कठीण काळ, यापेक्षा चांगला मुहूर्त शोधून सापडणार नाही. त्या फॉर्मवर प्राण्याचं नाव, संख्या, वेळ असे रकाने असतात, त्यात अजून एक रकाना वाढवा, तब्येतीचा. चांदण्यात बरगड्या दिसत नाहीत हे मान्य, पण चितळं बऱ्याचदा उजेड असतानाच पाण्यावर येतात, तेवढ्यांचीच घ्या. दुसरं म्हणजे बिबटे मोजायला लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये बिबट्यांपेक्षा हरणांचेच फोटो कितीतरी जास्त पडतात, बाजूने, पूर्ण शरीर दिसणारे, तारीख-वेळ छापलेले. ते फोटो बिबट्या नाही म्हणून बाजूला पडतात. मुंबईतल्या कॉलेजांतल्या झूऑलॉजीच्या पोरांना बसवा, दोघांनी एकमेकांना न विचारता तेच फोटो तपासून तब्येतीचे मार्क द्यायचे आणि ते जुळतात का बघायचं. तिसरं, लेंड्या. लेंडीतल्या नायट्रोजनवरून खाल्लेल्या चाऱ्याचा कस कळतो, जनावराला हातही लावावा लागत नाही.

लॅबचं म्हणाल तर परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय कॉलेज आहे, वजनकाटा आणि ओव्हन एवढ्यासाठी कुणाला नवीन इमारत बांधायला लागणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला पटणारा आहे. समजा मोजलं, समजा खरंच निघालं की पार्कातल्या चितळांची हालत वर्षानुवर्षं खालावतेय. मग काय करणार? माझं उत्तर अनेकांना आवडणार नाही, चारा टाकायचा नाही. अचानक ब्रेड, बिस्किटं, धान्य, भात असलं पिठूळ खाणं पोटात गेलं की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतं आणि ते भरल्या पोटी मरतं, उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात मायेने मका टाकणाऱ्या लोकांनी अशी हरणं मारलीयत. बरं, योग्य चारा टाकला तरी एका जागी कळप जमतो, रोग पसरतो, बिबट्या आणि कुत्रे दोघांनाही जागा कळते, आणि पुढच्या वर्षी तोंडं अजून वाढतात. पार्कात खायला घालायला बंदी आहे ती उगाच नाही. पण खायला घालणं हा या शहरात भावनेचा मामला आहे, दादरच्या कबुतरखान्यावर कबुतरांना दाणे टाकण्यावरून २०२५ मध्ये काय राडा झाला ते सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळे ‘घालू नका’ एवढं बोर्डावर लिहून भागत नाही, हातात आकडा लागतो. लोकांना दाखवता आलं पाहिजे की हे बघा, या मेमधल्या चितळांची तब्येत मागच्या पाच मेंसारखीच आहे, हा त्यांचा नेहमीचा उन्हाळा आहे, टेम्पो परत न्या.

आणि आकडा वाईट निघाला तर घाणेरी काढून कुरणं मोकळी करणं, वणवे रोखणं, कुत्र्यांचा बंदोबस्त, पाणवठ्यांच्या जागा बदलणं हे करता येतं, ते कुठे आणि किती करायचं हेही त्याच नोंदी सांगतील. तुळशी तलावाकडची जनावरं बरी आणि येऊरकडची खराब निघाली तर पैसा येऊरला जावा. उद्या पार्काखालून बोरिवली-ठाणे बोगदा होतोय, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचाही होतोय, काम चालू असताना आणि झाल्यावर हरणांवर फरक पडला की नाही यावर दोन्ही बाजू दहा वर्षं भांडणार हे आजच लिहून देतो. तेव्हा ‘आधी कशी होती’ हे सांगणारी एक तरी वही लागेल. ती वही बोगदा झाल्यावर लिहिता येत नाही.

पुढच्या बुद्धपौर्णिमेच्या फॉर्मवर तो एक रकाना आणि पोस्टमॉर्टेमच्या कागदावर दोन ओळी, गुर्द्याची चरबी किती टक्के, मांडीचा मगज किती टक्के. एवढं झालं की मेमधला तो फोटो परत ग्रुपवर येईल तेव्हा खाली निदान कुणालातरी उत्तर टाकता येईल.